दिवाळी ते पाडवा: जुन्या एमएक्स-५ची हिवाळी कामं

रस्त्यावर मीठ फेकणारा पिवळा ट्रक डर्बीत पहिल्यांदा दिसला, की त्याच आठवड्यात माझी माझदा एमएक्स-५, म्हणजे उघड्या टपाची छोटी गाडी, आत जाते. बहुतेक वर्षी हे दिवाळीच्या आगेमागेच होतं. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून फराळाचं सामान आणणं ही तिची वर्षातली शेवटची फेरी. त्यानंतर ती बाहेर निघते ती गुढीपाडव्याच्या सुमारास. मधले साडेचार-पाच महिने ती भाड्याच्या एका गॅरेजमध्ये असते. तिथे वीज नाही, पाणी नाही, आणि पत्र्याच्या दाराखालून बोटभर वारा येतो. कपाळावर दिवा बांधून मी शनिवारी दोन-तीन तास तिथे असते. हे लिखाण अशाच परिस्थितीत काम करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे गाडी वर उचलणारी लिफ्ट आणि हीटर आहे, ते सुखी लोक.

गाडी १९९७ची, पहिल्या पिढीची, १.८ लिटरची. माझदाने हे मॉडेल १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दाखवलं. जुन्या ब्रिटिश उघड्या टपाच्या गाड्यांसारखी, फक्त रोज सकाळी चालू होणारी! वजन टनभर, ताकद १३१ अश्वशक्ती. आकडे किरकोळच आहेत, पण मॅटलॉकच्या पुढच्या वळणांवर आकडे कोण मोजतं. इंजिन सहसा दगा देत नाही. ही गाडी मरते ती पाण्याने.

हे मला पहिल्या हिवाळ्यात कुणी सांगितलं नव्हतं. गाडी घेतली आणि पहिल्याच डिसेंबरात मी हौसेने उंची कमीजास्त करता येणारं सस्पेन्शन बसवलं. मार्चमध्ये एमओटीला, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीला नेली. तपासणाऱ्या माणसाने मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पत्र्यावर अंगठा दाबला आणि तो अंगठा आत गेला. दोन्ही बाजूंना. चकचकीत नवं सस्पेन्शन कुजलेल्या पत्र्याला टांगलेलं! आजार म्हशीला, औषध पखालीला. वेल्डिंग सस्पेन्शनपेक्षा महाग पडलं.

तेव्हा मी इचलकरंजीला मामांना फोन केला. मामा चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. मोटारीतलं त्यांना फारसं कळत नाही, पण बिघडलेलं यंत्र कोणत्या क्रमाने उघडायचं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसेल. ते म्हणाले, "पोरी, आधी काय खराब व्हायलंय ते थांबीव. मग काय खराब झालंय ते कर. नवीन काय लावायचं ते सगळ्यात शेवटी." माझा हिवाळा आता याच क्रमाने चालतो.

आत लावण्याआधी

गाडी धुवायची, पण वरून नाही, खालून. चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, सिलचा, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याचा, तळ, मागच्या सबफ्रेमच्या, म्हणजे चाकांचे हात धरणाऱ्या लोखंडी चौकटीच्या, खाचा. मिठाचं पाणी एकदा जरी लागलं असेल तरी धुवा. मग वीस-तीस मैल चालवून कोरडी करा. ओली गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवण्यापेक्षा ती बाहेर वाऱ्यावर उभी राहिलेली बरी.

टाकी सुपर पेट्रोलने भरायची. साध्या ई-१० मध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढतं. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, म्हणजे ओलावाही कमी. टायरमध्ये नेहमीच्या २६ पीएसआयऐवजी ३५च्या आसपास हवा भरते, म्हणजे एका जागी बसून ते चपटे होत नाहीत. टप वर केलेला, खिडक्या बोटभर उघड्या, आणि हँडब्रेक सोडलेला. हँडब्रेक ओढून चार महिने ठेवलात तर मार्चमध्ये पॅड डिस्कला चिकटलेले मिळतील. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा.

बॅटरी या गाडीत पुढे नसते, डिकीत उजव्या कोपऱ्यात असते. ती सीलबंद जातीची असून तिच्यातला वायू बाहेर सोडायला बारीक नळ्या असतात. कुणी स्वस्तात साधी बॅटरी बसवली असेल तर तो वायू डिकीत साठतो आणि आजूबाजूचा पत्रा खातो. मी ती काढून घरी आणते आणि जिन्याखाली लहान चार्जरला जोडून ठेवते.

कागदाचं एक काम. गाडी रस्त्यावर येणार नसेल तर डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे, 'सॉर्न' जाहीर करा. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स परत मिळतो. मग मात्र गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. अपवाद एकच, आधी वेळ घेतलेल्या एमओटीला चालवत नेणं, आणि त्यासाठीही विमा लागतोच.

पाणी कुठून येतं, कुठे जातं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टपावरचं पाणी मागच्या बाजूने खाली येऊन सीटच्या मागे, दोन्ही कोपऱ्यांत असलेल्या भोकांत उतरतं. तिथून नळीवाटे मागच्या चाकाच्या जरा पुढे जमिनीवर पडतं. ही भोकं पानं, धूळ आणि टपाच्या कापडाचे धागे यांनी बुजतात. मग पाणी तुंबतं, एक तर गालिच्याखाली उतरतं, नाही तर सिलच्या पोकळ पेटीत शिरतं. बाहेरून काही दिसत नाही. पत्रा आतून खात-खात येतो आणि रंगावर फुगा दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं.

तपासायची रीत सोपी आहे. टप अर्धा उचलून कोपऱ्यातली कापडी पट्टी बाजूला करा आणि अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. खाली लगेच, ओतलं तेवढं बाहेर आलं पाहिजे. थेंब-थेंब येत असेल तर भोक बुजलंय. सायकलच्या तारेने किंवा हँगरच्या तारेने भोसकू नका. आतली नळी रबराची असते, ती फाटली की पाणी कायमचं सिलमध्ये. मी बाटल्या धुवायचा लांब, लवचीक ब्रश वापरते. पहिल्या वर्षी डाव्या बाजूने जो चिखल निघाला त्यात एक बी चक्क उगवलेलं होतं.

मग सिल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मागच्या चाकाच्या पुढचा भाग टकटक वाजवत जा. मडकं घेताना वाजवून बघतो तसंच. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला भद्द. भद्द वाजला तर आधी वेल्डिंग, मग मेण. हा क्रम कधीही उलटा करू नका. गंज रोखणारं मेण सिलमध्ये मारून ठेवलंत आणि नंतर कुणी तिथे वेल्डिंग करायला गेला, तर ते पेटतं. वेल्डिंग करणाऱ्याला हेही सांगा की ठिपके-ठिपके नकोत, एमओटीला तिथे सलग शिवण लागते.

मेण मारायला कोरडा दिवस लागतो. डर्बीत डिसेंबरात तो मिळाला तर मी रजा काढते. डिनिट्रोलचा डबा घरून गरम पाण्याच्या बादलीत घालून नेते. थंड मेण फवारत नाही, नुसतं थुंकतं. लांब नळी सिलच्या भोकातून शेवटपर्यंत घालायची आणि फवारत-फवारत मागे ओढायची. झाल्यावर सिलच्या तळाची बारीक भोकं काडीने मोकळी करा. पाण्याला बाहेर पडायची वाट तुम्हीच मेणाने बुजवलीत तर एवढा खटाटोप कशाला केला?

जाता जाता टपाबद्दल. मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर थंडीत टप दुमडू नका, ती तडकते. उन्हाळ्यातसुद्धा आधी खिडकीची चेन उघडून ती आडवी करायची आणि मगच टप खाली घ्यायचा.

उचलणं

पुढून सबफ्रेमच्या आडव्या दांड्याखाली, मागून डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीच्या, खाली जॅक लावा. सिलच्या मधोमध लावू नका, तो भाग कसा असतो ते वर लिहिलंच आहे. उचलली की चारी बाजूंना घोड्या, म्हणजे अ‍ॅक्सल स्टँड, ठरलेल्या जागी लावायच्या, गाडी हाताने जोरात हलवून बघायची आणि मग खाली जायचं. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली मी हातसुद्धा घालत नाही. गॅरेजमध्ये एकटी असते, म्हणून कोणत्या वेळी परत येईन ते घरी सांगून ठेवते.

तेलं

इंजिन तेल फिल्टरसकट साधारण ३.८ लिटर. ते आत लावतानाच बदलते, कारण जुन्या तेलात साठलेलं आम्ल आणि ओलावा पाच महिने बेअरिंगवर कशाला ठेवायचा? फिल्टर इनटेकच्या खाली अशा जागी आहे की बघता येत नाही, नुसता चाचपता येतो. डावा हात बारीक असलेल्या माणसाला शेजारीपाजारी शोधून ठेवा.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलकडे मात्र बहुतेक लोक वर्षानुवर्षं बघत नाहीत. पाच गिअरच्या बॉक्समध्ये २ लिटर ७५डब्ल्यू-९० जातं, पण जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगांना मानवत नाहीत. डिफरन्शियलमध्ये जीएल-५च लागतं. १.८ गाडीत ते १ लिटर, जुन्या १.६ मध्ये ०.६५ लिटर. दोन बाटल्या शेजारी-शेजारी ठेवून अदलाबदल करू नका. मी त्यांच्या टोपणांवर नेलपॉलिशचे वेगळे ठिपके लावते.

गिअरबॉक्सचं तेल पहिल्यांदा बदलताना मामा व्हिडिओ कॉलवर होते. मी खालचा बोल्ट सैल करायला पाना लावला आणि पलीकडून ओरडा आला, "अगं थांब! भरायचं भोक आधी उघड. ते नाहीच उघडलं तर काढलेलं तेल परत कुठनं घालणार तू?" खरंच होतं. भरायचा बोल्ट इतका आवळलेला होता की लांब दांडी लावून त्यावर पाय द्यावा लागला. क्रम चुकला असता तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसले असते.

गिअरच्या दांड्याखाली एक रबरी बूट असतो, तो वयाने फाटतो. केबिनमध्ये गरम हवा आणि तेलाचा वास येत असेल तर तोच. वरून बोल्ट काढले की दांडा बाहेर येतो. तिथल्या खोलगट जागेत स्वतंत्र तेल लागतं, साधारण १०० मिली. बूट आणि तेल बदललं की गिअर टाकताना फरक हाताला लगेच कळतो. पैसे कमी, आनंद जास्त, असं या गाडीत याहून दुसरं काम नाही.

कूलंट ६ लिटर, अर्धं पाणी अर्धं अँटिफ्रीझ, दोन वर्षांतून एकदा. त्यात विशेष काही नाही.

ब्रेक आणि क्लच

ब्रेक फ्लुइड डॉट ४, दर दोन वर्षांनी. जुनं काढताना मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलजवळच्या पंपापासून, सर्वांत लांब असलेल्या चाकाने सुरुवात करायची. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. अमेरिकन पुस्तकात उजवं लिहिलेलं असतं, ते डाव्या स्टिअरिंगसाठी. सांडलेलं फ्लुइड रंग उडवतं, म्हणून जवळ भरपूर पाणी ठेवा. माझ्या बाबतीत ते घरून कॅनमधून न्यावं लागतं.

मागच्या कॅलिपरवर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर, बऱ्याच जणांचे हात पोळलेत. नवे पॅड घालायला पिस्टन मागे न्यायचा असतो, आणि पुढच्या कॅलिपरसारखा तो शिकंज्याने दाबून जात नाही. हँडब्रेकची यंत्रणा त्यात असते, ती मोडते. कॅलिपरच्या मागे एक छोटा बोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिमीची अ‍ॅलन की बसते. उलटी फिरवली की पिस्टन मागे जातो. पॅड घातल्यावर सुलटी फिरवा, चाक अडेपर्यंत. मग एक तृतीयांश फेरा मागे घ्या. हँडब्रेक ढिला आहे म्हणून केबल आवळणारे बहुतेक लोक हा बोल्ट विसरलेले असतात. कॅलिपर सरकणाऱ्या पिना काढून पुसा आणि रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं.

पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाजूला खाली असतो. त्याचं रबरी टोपण जरा मागे सरकवून बघा. आत ओलं असेल तर नवा मागवा, दुरुस्त करत बसू नका. हा सिलिंडर गेलेला कळतो तो नेहमी रहदारीच्या चौकात, पेडल जमिनीला टेकल्यावर.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा, दर ६०,००० मैलांना. बेल्ट तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, म्हणून घाबरण्याचं कारण नाही. पण दोन कॅम पुल्यांवरच्या आय आणि ई या खुणांमध्ये बेल्टचे १९ दात मोजून घ्या. मी तीनदा मोजले, मग फोटो काढून झूम करून चौथ्यांदा मोजले. बेल्ट काढलाच आहे तर पाण्याचा पंप आणि तेलाचे सील त्याच वेळी बदला. परत ते सगळं उघडायला कुणाला हौस असते?

आता हौस

सगळं कोरडं, गंजमुक्त आणि नव्या तेलात न्हालेलं झालं, की मग कॅटलॉग उघडा. माझं मत विचाराल तर पहिला सुधार म्हणजे टायर. मूळ माप १८५/६० आर१४. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. रबरी नक्षी शाबूत असलेले पण दहा वर्षांचे टायर घेऊन लोक हजार पाउंडांचं सस्पेन्शन लावतात. मीही त्यातलीच होते.

दुसरं, चांगले पॅड आणि स्टीलच्या जाळीच्या ब्रेक नळ्या. पेडल टणक होतं. तिसरं, बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरी नळकांडी. वीस-पंचवीस वर्षांचं रबर मऊ होतं आणि चाक वळणावर स्वतःच्या मनाने फिरतं. पॉलियुरेथेनचे बुश घट्ट बसतात, पण बसवताना सोबतचं ग्रीस आखडतं घेऊ नका, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी चिमणीसारखी चिवचिवते. रोजच्या फिरण्याला मला नवे साधे रबरी बुशच आवडतात. खड्ड्यांतून पाठीचा हिशेब कमी चुकता करावा लागतो.

बुश बदलायला चाकं धरणारे खालचे हात काढावे लागतात आणि तिथेच खरी लढाई असते. खालच्या हातांच्या आतल्या टोकांना एकूण आठ बोल्ट असे आहेत की ते फिरवूनच चाकांचा कोन लावला जातो. ते आतल्या नळीला गंजून चिकटतात. पहिल्या वर्षी माझे दोन बोल्ट हलेनात, कोन लागेना, आणि टायर आतल्या बाजूने खराब झाले. यासाठी नोव्हेंबरमध्येच सुरुवात करायची. गंज सोडवणारं तेल रोज येता-जाता मारायचं, महिनाभर. सोडवण्याआधी बोल्टच्या चकतीची जागा छिन्नीने खुणावून ठेवा. तरीही हलला नाही तर गॅसची ज्योत, आणि तीही हरली तर कापायची करवत. मागच्या अपराइटच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या उभ्या भागाच्या, तळातून जाणारा एक लांब बोल्ट आहे, त्याच्याशी माझं अजून मिटलेलं नाही. नवे बोल्ट बसवताना भरपूर तांब्याचं ग्रीस लावा.

फुकटातला सुधारही आहे. इंजिनाच्या मागे कॅम अँगल सेन्सर असतो. त्याचं रबरी कडं वयाने कडक होऊन तेल गाळतं. ते बदलायला सेन्सर सोडवावाच लागतो, तेव्हाच टायमिंग लाइट लावून इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, १० अंशांवरून १४ अंशांवर घेता येतं. त्यानंतर सुपर पेट्रोलच घाला. सुरुवातीच्या वेगात गाडी जरा ताजी वाटते. मोठ्याने बोंबलणारा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर यांनी मात्र गाडी पळत नाही, नुसती ऐकू येते.

मार्चमध्ये

नट-बोल्ट मी चहाच्या जुन्या कपांत ठेवते, एका कामाचे एका कपात, आणि त्याच क्रमाने परत लावते. शेवटी एक कप उरला तर गाडी खाली घेत नाही. चाकांचे नट ११० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पान्याने आवळते, आणि ५० मैलांनंतर पुन्हा एकदा. मग टपाच्या भोकांत परत अर्धा लिटर पाणी.

पहिल्यांदा चालू करताना इंजिनातून टिकटिक आवाज येतो. पहिल्या वर्षी छातीत धस्स झालं होतं. डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा काटा आहे, पण माझ्या सालच्या गाडीत तो दाब मोजत नाही, दाब आहे की नाही एवढंच सांगतो, त्यामुळे त्याचा आधार नाही. मी फोन व्हॉल्व्ह कव्हरजवळ धरला. मामांनी इचलकरंजीत फोन कानाला लावला, मागे कुणाचातरी माग खडखडत होता.

"टपेट हाय का ते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, तेलावर चालणारे.

"मग तेल चढू दे की जरा. चार महिने झोपलीय ती."

गॅरेजचं दार उघडं ठेवून मी थांबले. साधारण पाच मिनिटांनी टिकटिक विरळ झाली, मग एकच उरली, मग तीही गेली. मामांनी तोवर फोन ठेवला नव्हता.